नाकाचं ऑपरेशन करायचंय? आधी श्वास तपास

मित्रा, नाक वाकडं दिसतं म्हणून डॉक्टर शोधतोयस, ठीक आहे. पण आधी एकेक नाकपुडी बोटाने बंद करून श्वास घेऊन बघ. माझी डावी बाजू जवळजवळ बंदच होती आणि मला वर्षानुवर्षं वाटायचं, सगळ्यांचं असंच असतं! मधला पडदा वाकडा असेल तर तो सरळ करणं आणि बाहेरचा आकार सुधारणं एकाच वेळी होऊ शकतं. मेडिक्लेमवाल्यांना आधीच लेखी विचार. पडद्याचा खर्च बहुतेकदा मिळतो, दिसण्यासाठीचा नाही. खासगीतलं परवडत नसेल तर मुंबईत केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांतही प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत.

नाकाच्या दांड्यावरचा उंचवटा फार तासून घेऊ नकोस, शेंडाही वर उचलायला सांगू नकोस. पुरुषाला ओठ-नाकातला कोन साधारण ९० ते ९५ अंशांचा शोभतो. आणि आतला आधार जास्त काढला गेला तर श्वासच अडतो, हे नीट लक्षात घे.

प्लास्टर आठवड्याभराने निघालं तेव्हा आरशातलं सुजलेलं तोंड बघून मी रडकुंडीला आलो होतो. पुरुषांची कातडी सहसा जाड, शेंड्याची सूज उतरायला वर्षही लागतं. धीर धर.

तिसऱ्या आठवड्यात मी गर्दीच्या विरार लोकलमध्ये चढलो. दादरला एकाचं कोपर नाकापासून बोटभर अंतरावरून गेलं. नंतर दीड महिना दुपारच्याच गाड्या पकडल्या. तूही ऑफिसात तसं आधीच बोलून ठेव. सिगारेट ऑपरेशनच्या कितीतरी आधीपासून बंद कर, आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेव.