हिरवा ठिपका, ‘जैन’ आणि ‘उपवास’

प्रश्न : आमचा बटाट्याचा चिवडा इतवारीतल्या दुकानांत जातो. पाकिटावर ‘उपवासाचा’ आणि ‘जैन’ असं दोन्ही छापलं तर चालेल का? हिरवा ठिपका तर आहेच.
– गृहउद्योजिका, महाल, नागपूर

उत्तर : ‘जैन’ काढाच. बटाटा उपवासाला चालतो, पण कंदमूळ असल्याने जैनांना वर्ज्य. ठिपका तुमच्या मदतीला येणार नाही. पदार्थात प्राणिजन्य काही नाही, एवढंच तो सांगतो. आणि ‘प्राणिजन्य’ यातूनही कायद्याने दूध, मध, मेण आणि लाख (किड्यापासून मिळणारी) वगळलेली आहे. म्हणून मधाच्या बाटलीवरही हिरवाच ठिपका असतो, जैन मात्र मध खात नाहीत.

‘जैन’ किंवा ‘उपवास’ यांना सरकारी चिन्ह नाही. हे शब्द छापले की तो तुमचा दावा होतो आणि २०१८ च्या दावे व जाहिरात नियमांनुसार तो खरा ठेवणं तुमच्यावर येतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड १० लाखांपर्यंत आहे.

उपवासाच्या मालात घात बहुधा तयार मसाल्यातून होतो. त्यात हिंग असतो, आणि डबीतल्या हिंगात मैदा किंवा कणीक मिसळलेली असते. डबीवरची घटकयादी वाचा, गहू दिसेल. जिरं, मिरची, सैंधव सुटं घ्या. तेलही वेगळं ठेवा. शेव तळलेल्या कढईत बेसनाचा गाळ राहतो. घरोघरचे नियम वेगळे असतात, कुणाला कोथिंबीरही चालत नाही. तेव्हा सगळे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहा. शेंगदाणे ॲलर्जीच्या सूचनेतही हवेत.

ठिपका मोजून घ्या. पाकिटाची दर्शनी बाजू १५ बाय २० सेंमी, म्हणजे ३०० चौ. सेंमी असेल तर वर्तुळाचा व्यास किमान ४ मिमी आणि चौकटीची बाजू त्याच्या दुप्पट. जागा पदार्थाच्या नावाजवळ. हिरव्या पाकिटावर तो बुडतो, मागे पांढरी जागा सोडा. आणि सगळा मजकूर फक्त मराठीत नको : सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत लागते, मराठी सोबत खुशाल द्या.

प्रश्न : चॉकलेटच्या गोळ्यांवर हिरवा ठिपका, पण यादीत ९०४ लिहिलंय. हे काय?
– वाचक, धरमपेठ

उत्तर : ९०४ हा लाखेचा क्रमांक, ती चकाकीसाठी लावतात. किड्यापासून येते, पण वर सांगितलेल्या सवलतीमुळे ठिपका हिरवा राहतो. १२० क्रमांकाचा लाल रंगही किड्याचाच, त्याला मात्र ही सवलत नाही.