पांढऱ्या पेशी वाढल्या, म्हणजे काय झाले?

प्रश्न : आमची नाशिक जिल्ह्यात निफाडजवळ द्राक्षबाग आहे. गोडी छाटणीच्या वेळी यजमानांच्या अंगठ्यात कात्री शिरली. दोन दिवसांत अंगठा सुजून ठणकू लागला, पू झाला. रक्ताच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी 14,200 आल्या. औषधाने अंगठा आता बरा आहे. पण हा वाढलेला आकडा म्हणजेच आजार का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : नाही, ताई. प्रौढांच्या एक घन मिलिमीटर रक्तात या पेशी साधारणतः 4,000 ते 11,000 असतात. यजमानांच्या वाढल्या, कारण जखमेतील जंतूंशी लढायला अस्थिमज्जेने (हाडांच्या पोकळीतील, रक्तपेशी बनवणाऱ्या मगजाने) जादा पेशी रक्तात सोडल्या.

कात्रीच्या पात्यावरचे जंतू आत जाताच जखमेजवळच्या पेशी रासायनिक संदेश सोडतात, त्याने बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्यांच्या भिंती सैल पडतात. अंगठा लाल, गरम आणि टरटरीत होतो तो यामुळेच. मग पांढऱ्या पेशींत ज्यांची संख्या सर्वांत मोठी, त्या न्यूट्रोफिल पेशी भिंतीला चिकटतात, अंग चोरून फटीतून बाहेर पडतात आणि जंतूला वेढून गिळून टाकतात. या कामात त्या स्वतःही मरतात. आपण किळसेने पुसून टाकतो तो पू म्हणजे मुख्यतः त्यांचीच कलेवरे! मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने 1882 मध्ये तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती अशाच फिरत्या पेशींचा गराडा पडलेला त्याला दिसला. 1908 चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले ते प्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी.

पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार म्हणजे लिम्फोसाइट. त्यांचे काम सावकाशीचे, पण स्मरणाचे. त्यांतल्या काही प्रतिपिंडे (जंतूंना चिकटून त्यांना निकामी करणारी प्रथिने) बनवतात, काही विषाणूने ग्रासलेल्या पेशी मारतात, तर काही जुन्या शत्रूची ओळख वर्षानुवर्षे जपतात. लस याच ओळखीवर चालते. म्हणून विचारते : यजमानांनी धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले होते ना? माती लागलेल्या जखमेत ते विसरून चालत नाही.

नुसत्या आकड्यावरून निदान होत नाही. डेंग्यूसारख्या तापात तर पांढऱ्या पेशी उलट घटतात. दोन-तीन आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशी मोजण्याची तपासणी) पुन्हा करून घ्या. अंगठा बरा होऊनही आकडा चढाच राहिला, तर दोन्ही रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटा. आणि पुन्हा कधी अशा जखमेपासून लाल रेघ हातावर चढू लागली किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.