अर्ज दोघांनी एकाच दिवशी करा, बाबांचे पैसे मात्र त्याआधी घ्या

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमचा बेत थोडक्यात असा. तुम्ही १० ऑक्टोबर २०१६ला जपानला आलात, म्हणजे येत्या ऑक्टोबरात दहा वर्षं पूर्ण होतात आणि तुम्ही पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवानगीचा अर्ज करणार. वहिनी डिसेंबर २०१९ला, लग्न झाल्या झाल्या डिपेंडंट व्हिसावर आल्या आणि २०२२पासून स्वतःच्या इंजिनिअर व्हिसावर पूर्णवेळ नोकरी करतात. त्यांची दहा वर्षं २०२९ला होतील, तेव्हा त्या वेगळा अर्ज करतील. मधल्या काळात पीआर नसतानाही कर्ज द्यायला तयार असलेली बँक तुम्हाला मिळाली आहे. तिच्या कर्जावर टोकियोतल्या निशी-कासाईजवळचा ५ कोटी येनचा फ्लॅट घ्यायचा, आणि डाउन पेमेंटचे १ कोटी येन तुमचे बाबा व्यवहार ठरला की पुण्याहून पाठवणार. जूनअखेर नोकरी सोडून, महिनाभर विश्रांती घेऊन तुम्ही ऑगस्टमध्ये नव्या कंपनीत रुजू होणार. डिसेंबरात बाळ येणार आहे, त्यासाठी वहिनी ऑक्टोबरात सांगलीला माहेरी जाऊन मार्चमध्ये परतणार.

यातली प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर रास्त आहे. अडचण क्रमाची आहे. या क्रमाने गेलात तर पैसेही जातील आणि कदाचित पीआरही लांबेल.

सगळ्यात घाईची गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिली आहे, ती म्हणजे बाबांचे पैसे. जपानमध्ये बक्षिसावरचा कर देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला भरावा लागतो. वर्षाला ११ लाख येन माफ, त्यापुढे कर. वडिलांकडून सज्ञान मुलाला १ कोटी येन मिळाले तर हा कर होतो १७ लाख ७० हजार येन. पण नोकरीच्या किंवा डिपेंडंट व्हिसावर असलेल्या आणि गेल्या १५ वर्षांत मिळून १० वर्षांपेक्षा जास्त काळ जपानमध्ये न राहिलेल्या माणसाला एक सवलत आहे. भारतात राहणाऱ्या भारतीय आईवडिलांनी त्याला भारतातली मालमत्ता दिली, तर तिच्यावर जपान हा कर लावत नाही. तुमच्यासाठी हे दार ऑक्टोबरात बंद होतं. पीआर त्याआधी मिळाला असता तर त्याच दिवशी बंद झालं असतं, कारण ही सवलत ठरावीक व्हिसांनाच आहे आणि पीआर त्यांत येत नाही.

म्हणून घर ठरायची वाट पाहू नका. उन्हाळ्यातच बाबांनी पैसे तुमच्या भारतातल्या एनआरओ खात्यात (परदेशी राहणाऱ्या भारतीयाच्या रुपयांतल्या खात्यात) टाकावेत, साधं बक्षीसपत्र करावं, बँकेच्या नोंदीत तारीख स्वच्छ दिसावी. भारतात वडिलांकडून मिळालेल्या बक्षिसावर तुम्हाला कर नाही. थेट जपानच्या खात्यात पाठवायला सांगू नका. मग ते पैसे जपानमध्येच मिळाले, असा अर्थ निघू शकतो. बक्षीस भारतात पुरं होऊ दे, तिथून तुमचे पैसे तुम्ही सीएचं प्रमाणपत्र घेऊन सावकाश इकडे आणा. कागद करण्याआधी एकदा झेइरिशीला, म्हणजे इथल्या करसल्लागाराला दाखवा, त्याच्या फीकडे पाहू नका. आणि त्या खात्यावर जे व्याज मिळेल ते जपानच्या विवरणपत्रात दाखवा. पाच वर्षांच्या वर इथे राहिलेल्याला जगभरचं उत्पन्न दाखवावं लागतं, आणि पीआरच्या अर्जात कराचाच कागद सगळ्यात बारकाईने वाचला जातो.

आता नोकरी. नोकरी बदला, पगार वाढतोय तर जरूर बदला. पण तो एक महिना मला झोप लागू देत नाही. जुलैभर तुम्ही कोसेई नेनकिनमध्ये (कंपनीमार्फतच्या पेन्शनमध्ये) नसाल, म्हणजे वॉर्ड ऑफिसात जाऊन कोकुमिन नेनकिन (स्वतः भरायची सरकारी पेन्शन) आणि आरोग्य विमा स्वतः चालू करायचा आणि मुदतीत भरायचा. नेनकिनची रक्कम साधारण १८ हजार येन, विशेष काही नाही. पण अर्जात शेवटच्या दोन वर्षांचा नेनकिन आणि विमा तपासतात, आणि भरला का याबरोबरच वेळेवर भरला का हेही बघतात. माझ्याकडे योकोहामाचं एक जोडपं आलं होतं. त्यांनी कोंबिनीत (कोपऱ्यावरच्या दुकानात) भरलेल्या पावत्या एका बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. एकीवरचा गोल शिक्का मुदतीनंतर तीन दिवसांचा होता. बाकी सगळं चोख होतं, चांगला पगार, मुलं शाळेत. अर्ज नाकारला गेला, आणि ती पावती दोन वर्षांच्या खिडकीतून बाहेर जाईपर्यंत त्यांना थांबावं लागलं.

तेव्हा खंड नको. ३१ जुलैला सोडा, १ ऑगस्टला रुजू व्हा. ३० जुलै नको, ३१च. महिन्याच्या शेवटच्या दिवशी तुम्ही कंपनीच्या नोंदीत नसाल तर तो अख्खा महिना कोसेई नेनकिनमधून गळतो. शिवाय नोकरी बदलल्याचं इमिग्रेशनला १४ दिवसांत कळवायचं असतं. लोक हे विसरतात आणि अर्जाच्या वेळी ते उघडं पडतं. विश्रांती पुढच्या वर्षी पगारी सुट्टीत घ्या.

घराबद्दल माझं मत स्पष्ट आहे, थांबा. तुम्ही कळवलेल्या दरांनी हिशोब केला. ४ कोटींचं कर्ज, ३५ वर्षं. पीआर नसताना १.९ टक्क्यांनी हप्ता महिना १ लाख ३० हजारांच्या वर जातो, पीआरनंतरच्या ०.९ टक्क्यांनी तो १ लाख ११ हजार होतो. फरक वर्षाला सव्वादोन लाखांच्या वर. आता घेऊन नंतर बँक बदलीन म्हणाल, तर नवी बँक सहसा कर्जाच्या २.२ टक्के फी घेते, म्हणजे आणखी ८ लाख ८० हजार, आणि नोंदणीचा खर्च वेगळा. ‘फ्लॅट ३५’ नावाचं स्थिर दराचं कर्जही परदेशी माणसाला पीआरशिवाय मिळत नाही. तोवर घरांचे भाव वाढतील ही तुमची भीती मला कळते. पण बाळंतपणाची रजा, नवी नोकरी आणि घर एकाच वर्षात ओढणाऱ्यांची गंगाजळी किती पटकन आटते, ते मी पाहिलं आहे.

आता वहिनी. त्यांना २०२९पर्यंत थांबायची गरज नाही. पीआर असलेल्याच्या जोडीदाराला दहा वर्षांची अट लागत नाही. लग्नाला तीन वर्षं झालेली हवीत आणि जपानमध्ये सलग एक वर्ष वास्तव्य हवं. त्यांचा स्वतःचा नोकरीचा व्हिसा असला तरी हे लागू होतं, आणि दोघांचे अर्ज एकाच दिवशी देता येतात. तुमचा मंजूर झाला की त्यांचा त्याच आधाराने पाहतात. फी मंजुरीनंतरच द्यायची असते. ती २०२५च्या एप्रिलपासून १० हजार येन आहे आणि बरीच वाढवायच्या हालचाली सरकारने सुरू केल्या आहेत. टोकियोत निकालाला वर्षाच्या वर लागतं, त्यामुळे दोन अर्ज तीन वर्षांच्या अंतराने म्हणजे दोनदा तेवढी वाट. जोडीने कर्ज काढायचं असेल तरी बहुतेक बँकांना दोघांचाही पीआर लागतो.

त्यांनी थांबावं असं एकच कारण मला दिसतं. तुमची दहा वर्षं तशीही भरत आहेत, त्यामुळे भारतातल्या वारशावर जपानचा कर लागण्याच्या कक्षेत तुम्ही पीआर घ्या न घ्या, येणारच. वहिनी मात्र पीआर घेतला नाही तर २०२९पर्यंत त्याबाहेर राहतात. सांगलीची शेती आणि घर यांचा अंदाज घ्या. वडिलांमागे आई, भाऊ आणि त्या असे तीन वारस धरले तर एकूण मालमत्तेतली ४ कोटी ८० लाख येन, म्हणजे अडीच कोटी रुपयांहून जास्त रक्कम, करमुक्त आहे. तुम्ही जे लिहिलं आहे त्यावरून मालमत्ता यात बसते. तसं असेल तर थांबण्यात अर्थ नाही.

राहिलं माहेरचं बाळंतपण. हे लिहायला मला जड जातंय, कारण पहिल्या खेपेला आईजवळ असावं असं कोणाला वाटणार नाही? पण अर्ज आत असताना पाच महिने देशाबाहेर राहिलं तर सलग वास्तव्यावर प्रश्न येतो. एका दमात तीन महिन्यांच्या वर बाहेर राहू नये, असं इथले ग्योसेईशोशी, म्हणजे व्हिसाचे अर्ज करून देणारे व्यावसायिक, सांगतात. कायद्यात हा आकडा नाही, पण मी तो ओलांडायला सांगणार नाही. तसंच जायचं असेल तर तुम्ही ऑक्टोबरात एकटे अर्ज करा आणि त्यांनी परत येऊन वर्षभर सलग राहिल्यावर करावा. तोही मार्ग आहे, २०२९पेक्षा लवकरच होईल.

मी मात्र बाळंतपण टोकियोत करा म्हणेन. विम्यातून बाळामागे ५ लाख येन मिळतात. इथला खर्च त्याहून जास्त येतो, पण वहिनींना कंपनीच्या आरोग्य विम्यातून प्रसूतीआधीचे ४२ आणि नंतरचे ५६ दिवस दोन तृतीयांश पगार मिळेल, आणि रजेच्या काळात नेनकिनचा हप्ता माफ असूनही भरल्यासारखाच धरला जातो. बाळाचा व्हिसा जन्मापासून ३० दिवसांत मागायचा, ते काम तुम्ही अंगावर घ्या. आणि सांगलीहून आईंना बोलवा. ९० दिवसांचा व्हिसा मिळतो, त्यामुळे नोव्हेंबरच्या मध्याला आल्या तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत राहतील, बाळ दोन महिन्यांचं होईपर्यंत. आमंत्रणाचे कागद तुम्हाला इथून पाठवावे लागतील, ते सप्टेंबरातच पाठवा.