आराखड्यात ‘प्राधान्य द्यावे’ लिहिलं, पुढे काय?

तुमच्या आपत्ती आराखड्यात ‘वृद्ध, दिव्यांग, गरोदर स्त्रिया व बालकांना प्राधान्य द्यावे’ असं वाक्य आहे आणि समितीवर एक दिव्यांग प्रतिनिधीही आहे. एवढं पुरेसं आहे का, असं तुम्ही विचारलंत. नाही. कुणाला, कोण, कशावर बसवून, कुठल्या वाटेने नेणार, यातलं काहीच त्या वाक्यात नाही.

२०११ च्या भूकंप-त्सुनामीत जपानमधल्या दिव्यांगांचा मृत्युदर एकूण लोकसंख्येच्या सुमारे दुप्पट होता, आणि तो देश तर तयारीत कुणालाही हार जाणारा नाही. ध्वनिक्षेपकावरची सूचना कर्णबधिराला कशी कळावी? जुलै २०२१ मध्ये जर्मनीत आर नदीला पूर आला, तेव्हा झिन्झिगमधल्या एका निवासगृहातले १२ दिव्यांग रहिवासी बुडाले. रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याने काहींना वरच्या मजल्यावर नेलं, तोवर तळमजला पाण्याखाली गेला. मला या घटनेचा विचार करताना अजून त्रास होतो, कारण कोण कुठे झोपतं आणि रात्री मदतीला किती हात लागतील, हे आधी ठरवता येण्यासारखं असतं.

म्हणून नावानिशी यादी करा. ‘घरात कुणी अपंग आहे का?’ असं मात्र विचारू नका. काही घरं संकोचाने नाही म्हणतात, आणि आजोबांना कमी ऐकू येतं हे कुणी अपंगत्वात धरतच नाही. वॉशिंग्टन ग्रुप या, अपंगत्वाची आकडेवारी कशी गोळा करावी हे ठरवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या गटाची सहा प्रश्नांची प्रश्नावली वापरा: दिसायला, ऐकायला, चालायला, लक्षात ठेवायला, स्वतःचं आवरायला, बोलणं समजायला-समजवायला किती त्रास होतो? त्याला दोन प्रश्न जोडा. रात्री तुमच्यासोबत घरात कोण असतं? आणि कोणत्या औषधावाचून किंवा यंत्रावाचून तुमचं चालत नाही? इन्सुलिन, ऑक्सिजन, डायलिसिस हे सगळं इथेच कळतं. यादी संमतीने करा आणि मोजक्या जबाबदार माणसांच्याच हाती ठेवा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची नावं फलकावर लावली तर चोराला आयते पत्ते मिळतात. भाडेकरू आणि हंगामी मजूरही यादीत हवेत. ते सरकारी नोंदींत सापडत नाहीत, त्यासाठी दारोदार फिरावंच लागतं.

प्रत्येक नावापुढे दोन सोबती लिहा. एक दिवसा घरी असणारा, एक रात्री.

स्त्रियांची अडचण वेगळी आहे. १९९१ च्या चक्रीवादळात बांगलादेशात सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली, त्यांत स्त्रिया पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होत्या. सूचना पुरुषांपर्यंत आधी पोचायची. घर सोडायचा निर्णय त्यांचा, आणि गर्दीच्या निवाऱ्यात बायकांना आडोसा नाही. पुढे तिथल्या चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रमात स्त्री स्वयंसेवकांची संख्या वाढवत नेली. बाईने बाईला येऊन ‘चल’ म्हटलं की ती निघते, हे मी स्वतः पाहिलं आहे. निवाऱ्यात कडी असलेली वेगळी स्वच्छतागृहं आणि उजेड नसेल, तर ती परत घरी जाते हेही पाहिलं आहे.

रंगीत तालीम रात्री, वीज बंद ठेवून घ्या. बहुतेक ठिकाणी व्हीलचेअरवर एखादा धडधाकट तरुण बसवतात. त्यातून काहीही कळत नाही. खरोखर व्हीलचेअर वापरणाऱ्यांना बोलवा आणि आपल्याला कुठे धरून उचलायचं, हे त्यांनाच सांगू द्या. खुर्चीही सोबत न्यायची, नाहीतर निवाऱ्यात तो माणूस एका जागी खिळून राहतो. मतिमंदत्व किंवा स्वमग्नता असलेल्यांसाठी भोंग्याचा आवाज, गर्दी आणि वाट आधीच ओळखीची करून द्यावी लागते. त्यामुळे एक तालीम पुरत नाही.

आता त्या एका प्रतिनिधीबद्दल. अंध व्यक्तीने कर्णबधिरांच्या वतीने बोलावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. आपत्तीची जोखीम कमी करण्यासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा सेंडाई आराखडा (२०१५–२०३०) दिव्यांगांना आणि त्यांच्या संघटनांना जोखीम मोजण्यात आणि आराखडे आखण्यात सहभागी करून घ्यायला सांगतो. निदान चार-पाच जण घ्या, त्यांत घरी रुग्णाची काळजी घेणारी एखादी बाईही असू द्या. बैठक तळमजल्यावर, तिला जमेल त्या वेळी ठेवा. सांकेतिक भाषेचा दुभाषी, येण्याजाण्याचं भाडं आणि व्हीलचेअरसाठीच्या उताराचं (रॅम्पचं) बांधकाम यांची रक्कम अंदाजपत्रकात वेगळी दाखवा. ‘इतर खर्चा’त टाकलेली रक्कम पहिल्या काटछाटीत जाते.