नोकरी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत असताना भाडे वाचवण्यासाठी सिन्नरजवळच्या गावात राहायला जावे का?

माझ्या मते, घरभाड्यात वाचणारी रक्कम आणि प्रवासात जाणारी रक्कम एकाच कागदावर मांडल्याशिवाय हा निर्णय घेऊ नये. जाण्याचे अंतर 30 किलोमीटर धरले, तर जाऊन-येऊन महिन्याच्या 25 दिवसांत 1500 किलोमीटर होतात. लिटरला 50 किलोमीटर धावणाऱ्या दुचाकीला त्यासाठी 30 लिटर पेट्रोल, म्हणजे साधारण तीन हजार रुपये लागतात, आणि टायर, सर्व्हिसिंग वेगळेच. भाड्यातला फरक सहा-सात हजारांचा असेल तरच हे परवडते.

पैशांपेक्षा मला काळजी वाटते ती रात्रपाळीची. जुलैच्या पावसात, रेनकोटाच्या बाह्यांतून पाणी आत शिरत असताना, समोरच्या ट्रकच्या चिखलाने काच माखलेल्या हेल्मेटमधून रस्ता शोधत रात्री बारा वाजता घरी जाणे फार जिवावरचे असते. शिवाय सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते, त्यामुळे घर पाहायला मे महिन्यातच जा आणि नळाला किती दिवसांआड पाणी येते, हे घरमालकाला न विचारता शेजारच्या बाईंना विचारा.

कंपनीची बस गावापर्यंत येत असेल, तर मात्र अवश्य जा.