दोन स्ट्राइक मिळाल्यावर तिसरी का मिळत नाही? 0-2 आणि 1-2 वर काय टाकावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही रत्नागिरीत कॉलेजच्या बेसबॉल संघात उजव्या हाताने पिचिंग करता. फास्टबॉल (वेगवान, सरळ), कर्व्ह (वळत खाली पडणारा) आणि चेंजअप (फास्टबॉलसारखा दिसणारा, पण हळू) असे तीन प्रकार हातात आहेत. दोन स्ट्राइक लवकर मिळतात, पण पुढे एकतर वॉक जातो, नाहीतर चेंडू मधोमध पडून फटका बसतो.

(तीन स्ट्राइक झाल्या की बॅटर आउट; चार बॉल झाले की वॉक, म्हणजे त्याला पहिला बेस फुकट. काउंट, म्हणजे सध्याची मोजणी, सांगताना आधी बॉल, मग स्ट्राइक; 0-2 म्हणजे शून्य बॉल, दोन स्ट्राइक. खाली ‘बॉल’ म्हणजे स्ट्राइकच्या जागेबाहेरून गेला आणि बॅटरने सोडला म्हणून अंपायरने दिलेला बॉल, आणि ‘चेंडू’ म्हणजे हातातली वस्तू.)

वॉक आणि फटका या दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. 0-2 झालं की एक चेंडू फुकट घालवायचा, असं बऱ्याच ठिकाणी शिकवतात. मग पिचर तो प्लेटपासून (बॅटरसमोरच्या पाटीपासून) दोन फूट बाहेर टाकतो आणि बॅटर जागचा हलतही नाही. 1-2 होतं. पुढचाही तसाच गेला की 2-2, आणि आता वॉकच्या धास्तीने चेंडू थेट मध्ये येतो. म्हणजे फटका बसतो 2-2 वर, पण चूक 0-2 लाच झालेली असते. माझं मत पक्कं आहे: 0-2 वर फुकट चेंडू टाकूच नये. जो टाकाल त्यावर बॅटरला बॅट फिरवावीशी वाटली पाहिजे, किंवा त्याने पुढच्या चेंडूची तयारी तरी झाली पाहिजे.

‘थोडा बाहेर’ म्हणजे किती, हे सेंटीमीटरमध्ये डोक्यात ठेवा. होम प्लेट 43 सेंटीमीटर रुंद असते, चेंडूचा व्यास साधारण 7.3 सेंटीमीटर. चेंडूचा कोणताही भाग झोनला (प्लेटवरची, बॅटरच्या गुडघ्यापासून छातीच्या मध्यापर्यंतची स्ट्राइकची जागा) शिवला तरी स्ट्राइक, म्हणजे तुमच्यासाठी झोन प्रत्यक्षात 58 सेंटीमीटरच्या आसपास होतो. दोन स्ट्राइक असताना अंपायर काठावरचा चेंडू कसा देईल याची बॅटरला खात्री नसते. त्यामुळे त्याला काठाबाहेरची आणखी एका चेंडूइतकी पट्टीही राखावी लागते. ती पट्टी तुमची कमाई आहे. काठापासून एक चेंडू बाहेर, फार तर दोन. त्यापलीकडे गेलात तर बॅटरला निर्णयच घ्यावा लागत नाही.

अमेरिकेच्या मेजर लीगमध्येही 0-2 वर संपणाऱ्या खेळीत बॅटरची सरासरी (यशस्वी फटक्यांचं प्रमाण) साधारण .150 ते .170 च्या घरात असते, आणि 3-1 वर ती .300 च्या वर जाते. कारण 3-1 वर तो आवडीच्या चेंडूची वाट पाहू शकतो, 0-2 वर नाही. रबरापासून (पिचर जिच्यावर पाय ठेवून टाकतो ती पट्टी) प्लेट 18.44 मीटर. ताशी 115 किलोमीटरचा चेंडू तिथे साधारण अर्ध्या सेकंदात पोहोचतो, आणि बॅट फिरवायची की नाही हे त्याच्याही बरंच आधी ठरवावं लागतं. म्हणून दोन स्ट्राइकनंतरचा उत्तम चेंडू निम्मा रस्ता स्ट्राइकसारखा येतो आणि शेवटी बाहेर जातो. हातातून सुटतानाच बॉल दिसणारा चेंडू कितीही वळो, उपयोग नाही.

प्रत्येक चेंडू टाकण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: हा चुकला तर कुठे चुकलेला चालेल? वरचा फास्टबॉल चुकला तर आणखी वर जावा, खाली नको. बाहेरचा (बॅटरपासून दूरच्या काठावरचा) कर्व्ह आणखी बाहेर किंवा खाली जावा, आत, म्हणजे बॅटरकडे, नको. चेंजअप मातीत पडला तर चालेल, मांडीच्या उंचीवर राहिला तर नाही. 0-2 वर बसलेले बहुतेक फटके चुकीच्या बाजूला चुकलेल्या चेंडूवर बसतात, चुकीच्या निवडीमुळे नाही.

आता तुमचे तीन चेंडू. वरचा फास्टबॉल बॅटरच्या काखेच्या उंचीवर किंवा किंचित वर हवा. कॅचरला ग्लोव्ह छातीपाशी धरून अर्धवट उभं राहायला सांगा. कमरेजवळ ग्लोव्ह धरला तर तुमचा हात नकळत तिकडेच जातो. आपल्याकडे हा चेंडू विशेष चालतो असं मला वाटतं. किनाऱ्यावरचे बहुतेक बॅटर टेनिस बॉल क्रिकेट खेळून आलेले असतात. गुडघ्याखालचा चेंडू उचलून मारायची त्यांना सवय असते, छातीवरच्या चेंडूला बॅट उशिरा पोहोचते. मात्र तो पुरेसा वर गेला नाही तर याच बॅटरला तो सोपा फुलटॉस असतो.

कर्व्हचं लक्ष्य प्लेटच्या बाहेरच्या अर्ध्या भागावर मांडीच्या उंचीपासून सुरू होऊन प्लेटच्या मागच्या टोकापाशी टप्पा पडेल असं हवं. तो वर लटकतो याची दोन नेहमीची कारणं आहेत: हात मंदावणं आणि चेंडू लवकर सोडणं. 0-2 वर आणखी एक भर पडते, जास्त जोर लावायची हाव. जोर लावताना पुढचा खांदा लवकर उघडतो, हात मागे राहतो, आणि उजव्या हाताच्या पिचरचा चेंडू वर आणि उजव्या बॅटरच्या अंगाकडे जातो. खांदा कॅचरकडे बंद ठेवा आणि सोडल्यावर हात विरुद्ध गुडघ्यापलीकडे पूर्ण जाऊ द्या. जोर नेहमीइतकाच.

चेंजअप फास्टबॉलपेक्षा ताशी 12 ते 16 किलोमीटर हळू हवा. त्याहून कमी फरक असेल तर तो नुसता मंद फास्टबॉल ठरतो. वेग पकडीतून कमी करायचा. चेंडू तळहातात खोल बसवा, अंगठा आणि तर्जनी बाजूला गोल करा, आणि हात फास्टबॉलच्याच गतीने फिरवा. हात हळू केला की बॅटरला खबर मिळालीच. समोर डावखुरा असेल तर दोन स्ट्राइकवर माझी पहिली पसंती हाच असेल, बाहेरच्या काठावर खाली. तुमचा कर्व्ह त्याच्याकडे वळत आत येतो. तो मागच्या पायाच्या बुटापर्यंत खाली गेला तर उत्तम, पण अर्धवट राहिला तर थेट बॅटवर.

यातला कोणता निवडायचा ते बॅटरचा शेवटचा फाउल (रेषेबाहेर गेलेला फटका) सांगतो, आणि याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. उजव्या बॅटरचा फाउल पहिल्या बेसच्या बाजूला गेला तर तो उशीर करतो आहे. अशा वेळी चेंजअप टाकणं म्हणजे त्याचा उशीर भरून देणं. पुन्हा फास्टबॉल, या वेळी वर किंवा आतल्या काठावर. फाउल तिसऱ्या बेसकडे जोरात गेला तर तो लवकर फिरतो आहे, चेंजअप किंवा बाहेरचा कर्व्ह टाका. फाउल सरळ मागे गेला तर त्याची वेळ बरोबर जुळली आहे, बॅट बोटभर वर किंवा खाली होती इतकंच. तोच चेंडू त्याच जागी परत टाकू नका.

त्याचे पायही बघा. दोन स्ट्राइकनंतर बरेच जण बॅटचा दांडा थोडा वरून पकडतात आणि प्लेटजवळ सरकतात. जवळ आलेल्याला बाहेरचा चेंडू आता तितका बाहेरचा राहत नाही. त्याच्या आतल्या काठावर फास्टबॉल द्या, म्हणजे बॅट मुठीजवळ लागेल.

0-1, 0-2 आणि 1-2 यांना एकाच मापाने मोजू नका. 0-1 वर अजून स्ट्राइकच हवी: काठावर, पण झोनच्या आत. 0-2 असताना काठाबाहेरची ती पट्टी. 1-2 वर तुमचा सर्वांत भरवशाचा चेंडू, कारण तो चुकला तर 2-2 होतं, आणि तिथून पुढचा बॉल म्हणजे 3-2, जिथे पुढाकार बॅटरचा. 2-2 आलंच तर झोनमध्ये टाका, पण बॅटरने त्या खेळीत अजून न पाहिलेला प्रकार.

0-2 ची आघाडी कशी विरघळते याचं प्रसिद्ध उदाहरण 1988 च्या वर्ल्ड सिरीजच्या (मेजर लीगच्या अंतिम मालिकेच्या) पहिल्या सामन्यातलं आहे. ओकलंड संघाचा डेनिस एकर्स्ली हा त्या काळचा अव्वल क्लोजर (शेवटी येऊन सामना संपवणारा पिचर), समोर दोन्ही पाय दुखावलेला डॉजर्स संघाचा डावखुरा बॅटर कर्क गिब्सन. काउंट 0-2 झाला. गिब्सन फाउल करत टिकला (दोन स्ट्राइकनंतर साधा फाउल तिसरी स्ट्राइक धरत नाहीत), काउंट 3-2 वर गेला. डावखुऱ्या बॅटरला 3-2 वर एकर्स्ली बाहेरून काठावर येणारा स्लायडर (वेगात येऊन शेवटी बाजूला वळणारा चेंडू) टाकतो, ही माहिती डॉजर्सचे स्काउट (प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास करणारे) मेल डिडिए यांनी आधीच दिली होती. तोच आला, आणि होमरन होऊन सामना संपला. तुमच्या जिल्ह्यात चार-पाच संघ एकमेकांशी वारंवार खेळत असतील तर तुमचीही सवय त्यांना ठाऊक असणार. प्रत्येक 0-2 ला कर्व्ह टाकत असाल तर तो कर्व्ह लपलेला नाही.

मैदानाचा हिशेब इथे वेगळा करावा लागतो. नियमाप्रमाणे पिचरचा माउंड (तो उभा राहतो तो मातीचा उंचवटा) प्लेटपेक्षा 25.4 सेंटीमीटर उंच असतो. आपल्याकडच्या बऱ्याच मैदानांवर माउंडच नसतो, रबर सपाट जमिनीवर ठोकलेलं असतं. त्यामुळे चेंडू कमी उतारावरून येतो, कर्व्ह कमी पडल्यासारखा दिसतो आणि सगळे चेंडू वर राहतात. माउंडवर सराव करून सपाट मैदानावर आलात तर वॉर्मअपमध्येच लक्ष्य खाली आणा.

त्यात जमीन कातळाची असेल तर मातीत पडलेला कर्व्ह कॅचरच्या डोक्यावरून उडतो. इथे नियम लक्षात ठेवा. तिसरी स्ट्राइक कॅचरने हवेत पकडली नाही, आणि पहिला बेस मोकळा असेल किंवा दोन आउट झालेले असतील, तर बॅटर पहिल्या बेसकडे धावू शकतो. कॅचरला त्याला टॅग करावं (चेंडू लावून आउट करावं) लागतं किंवा चेंडू पहिल्या बेसवर फेकावा लागतो. तिसऱ्या बेसवर रनर असताना चेंडू मागे गेला तर रनही जाते. बॅकस्टॉपची (कॅचरमागची) जाळी नसलेल्या कातळावर, रनर तिसऱ्यावर असताना, मी मातीतला कर्व्ह मागणार नाही. वरचा फास्टबॉल मागेन. सामन्याआधी प्लेटच्या पुढेमागे चाळलेली माती पसरून पाणी मारलं तर उसळी बरीच मरते. कापणी झालेल्या मळ्यात उलट: टप्पा पडतो तिथेच चेंडू मरतो, कॅचर अंगावर घेऊ शकतो, कर्व्ह बिनधास्त टाका.

दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो. तो तुमच्या तोंडावर येत असेल तर कर्व्ह जास्त वळतो, म्हणून लक्ष्य थोडं वर घ्या. पाठीवरून येत असेल तर वळण कमी होतं आणि लटकण्याची भीती वाढते. तेव्हा चेंजअप आणि वरचा फास्टबॉल यांच्यावर भर द्या.

घामाने बोटं निसरडी झाली की आधी कर्व्हच सुटतो. रोझिनची (पकड वाढवणाऱ्या राळेच्या भुकटीची) पिशवी हातावर वापरायला परवानगी आहे, चेंडूवर किंवा ग्लोव्हवर लावायला नाही. रबरावर उभं राहून बोटं तोंडाला लावू नका. रबर सोडून लावलीत तरी चेंडू धरण्याआधी कोरडी पुसा.

फुकट चेंडूंचा आणखी एक तोटा खांद्यावर पडतो. मेजर लीगच्या ‘पिच स्मार्ट’ मार्गदर्शक तत्त्वांत 17-18 वर्षांच्या पिचरला दिवसाला जास्तीत जास्त 105 चेंडू आणि 19 ते 22 वयाला 120 अशी मर्यादा आहे. 61 ते 80 चेंडू टाकले तर तीन दिवस विश्रांती. दर 0-2 ला एक चेंडू वाया घालवलात तर शेवटच्या इनिंगसाठी राखलेला हात तुम्ही आधीच खर्च करता. ऑक्टोबरच्या उकाड्यात तर याचा फार विचार करा.

सरावासाठी दोन बांबू प्लेटच्या दोन्ही कडांना रोवा आणि गुडघ्याखाली व छातीच्या मध्यावर सुतळी बांधा. बाहेरच्या बाजूला 8 सेंटीमीटरवर दुसरी उभी सुतळी, आणि छातीच्या सुतळीच्या वर तेवढ्याच अंतरावर एक आडवी. प्रत्येक काल्पनिक बॅटरची सुरुवात 0-2 वरून करा. दहा वरचे फास्टबॉल, दहा कर्व्ह, दहा चेंजअप; क्रम कॅचरने खुणेने मिसळायचा. फास्टबॉल आणि बाहेरचा चेंजअप दोन सुतळ्यांमधल्या पट्टीतून गेला तरच मोजा, कर्व्ह खालच्या सुतळीखालून जाऊन प्लेटपाशी टेकला तर. दहातले सहा जमले की तो चेंडू सामन्यात दोन स्ट्राइकवर वापरायला तयार आहे. आत चुकलेले चेंडू वेगळे लिहून ठेवा. बाहेर चुकलेल्यांपेक्षा ते जास्त असतील तर लक्ष्य आणखी एक चेंडू बाहेर सरकवा आणि तीसच्या तीस पुन्हा टाका.