फायरप्लेसची चिमणी दरवर्षी साफ करून घ्यावी लागते का, की धूर नीट वर जातोय तोवर चालतं?

तपासणी दरवर्षी, सफाई गरजेप्रमाणे. अमेरिकेतलं एनएफपीए २११ हे चिमणीच्या सुरक्षेचं स्टँडर्डपण वर्षातून एकदा इन्स्पेक्शन करा असंच सांगतं.

धूर नीट जातोय म्हणजे सगळं ठीक असं नसतं हां. लाकडाचा धूर वर जाता जाता थंड होतो आणि आतून क्रिओसोटचा, म्हणजे धुरातल्या पेट घेणाऱ्या काजळी-डांबराचा, थर धरतो, आधी भुकटीसारखी काजळी, मग कडक खपल्या आणि शेवटी डांबरासारखा चकचकीत लेप, तो तर साध्या ब्रशने निघतच नाही, त्याला केमिकल नाहीतर फिरत्या साखळ्यांचं मशीन लागतं. थर ३ मिमीच्या आसपास झाला की साफ करायचाच, कारण तो पेटला तर आग चिमणीच्या आतच लागते.

आणि सफाईवाला नुसता ब्रश फिरवून अर्ध्या तासात पैसे घेऊन गेला तर ती तपासणी नव्हे. लायनरला (चिमणीच्या आतल्या अस्तराला) तडे आहेत का, डॅम्पर (धुराची वाट उघडबंद करणारी झडप) पूर्ण उघडतो का, वरची टोपी जागेवर आहे का हे त्याने बघायला हवं, फोटो मागून घ्या. घर नवीन घेतलं असेल किंवा चिमणीत एकदा आग लागून गेली असेल तर आत कॅमेरा सोडूनच बघायला सांगा.

गॅसवाली असेल तर काजळी कमी, पण पक्ष्यांनी चिमणीत घरटं करून वाट अडवली की कार्बन मोनॉक्साइड घरात परत येतो, त्याला वासही नाही. त्याचा अलार्म आजच लावा. लाकूड मात्र वाळलेलंच जाळा, ओलावा २० टक्क्यांच्या आत, ओल्या लाकडाने थर भराभर वाढतो.